घर चाकांवर, पत्ता कुठे?

दसरा सरला की श्रीरामपूर तालुक्यातील रस्त्यांवर दरवर्षी तेच दृश्य दिसू लागते. पाथर्डी-शेवगावकडून आणि त्यापलीकडे बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर या भागांतून टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येत राहतात. गाडीत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, उलटी टाकलेली बाज, पाण्याचे ड्रम, खुराड्यातील कोंबड्या, एखादी शेळी आणि या सर्वांच्या वर बसलेली मुले असतात. पुढील पाच-सहा महिने या कुटुंबांचे जे काही घर असेल ते एवढेच. दरवर्षी पाहून सवयीचे झाल्यामुळे श्रीरामपूरकरांना त्याचे नवल वाटत नाही.

नवल वाटते ते वेगळ्याच चालत्या घराचे. आत पलंग, ओटा, शेगडी, शीतकपाट, न्हाणीघर आणि छतावर सौरपट्ट्या असलेले मोटारहोम, ज्याला आपल्याकडे कॅराव्हॅन असेही म्हणतात, अलीकडे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बोलण्यात वारंवार येऊ लागले आहे. मुले पुण्यात किंवा परदेशात स्थायिक झालेली, चार खोल्यांचे घर रिकामे, निवृत्तिवेतन नियमित. मग घर विकून टाकावे, एक मोटारहोम घ्यावे आणि उरलेले आयुष्य काश्मीर ते कन्याकुमारी हिंडत घालवावे, असा बेत आखणारी जोडपी तालुक्याच्या गावातही आढळतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी तसेच धोरण आणले. त्यामुळे या कल्पनेला एक प्रकारची प्रतिष्ठाही लाभली आहे.

बेत मोहक आहे यात शंका नाही. तथापि सहलीसाठी आठ दिवस मोटारहोम भाड्याने घेणे आणि बाराही महिने त्यातच राहणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मागे घर असते. दुसरीत नसते, आणि सगळे प्रश्न तेथूनच सुरू होतात.

प्रथम गाडीच्या आतला हिशेब पाहू. मध्यम आकाराच्या मोटारहोममध्ये शंभर लिटरच्या आसपास पाण्याची टाकी असते. भूमिगत गटारे असलेल्या आपल्या शहरांत पाणीपुरवठ्याचा शासकीय निकष माणशी दररोज १३५ लिटर आहे. म्हणजे शहरी सवयीने वापरले तर दोघांची टाकी एका दिवसाचीही नाही. विजेचे तेच. बारा व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची बॅटरी भरून २.४ युनिट वीज साठवते. ती शिसे-आम्ल प्रकारची असेल तर आयुष्य टिकवण्यासाठी निम्मीच वापरावी लागते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला सुमारे एक युनिट खाते. उन्हाळ्याच्या रात्री बॅटरीवर एक-सव्वा तास गारवा मिळेल, पुढे खिडक्या उघडाव्या लागतील. सांडपाण्याची आणि शौचाची टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. ती कोठे करायची, या साध्या प्रश्नाला आपल्या महामार्गांवर अद्याप सरळ उत्तर नाही. शासकीय धोरणात कॅराव्हॅन उद्यानांची कल्पना आहे, पण ती सर्वत्र उभी राहीपर्यंत ओळखीचा पेट्रोल पंप, धर्मशाळा किंवा एखाद्या सज्जनाचे अंगण यांवरच भिस्त ठेवावी लागते.

या मर्यादेत एक गोडवाही आहे, हे मान्य केले पाहिजे. परिग्रहाची मर्यादा बांधून घेणे हे ज्यांच्या घरी व्रत म्हणून शिकवले जाते त्यांना, वाहनाच्या वजनमर्यादेत संसार बसवण्यात फारसे परके वाटणार नाही. मात्र या जीवनाला कोणी साधूंच्या विहाराची उपमा देऊ लागले तर ती जुळत नाही. विहारात घर मागे सुटलेले असते. मोटारहोमचा सारा खटाटोप घर बरोबर नेण्यासाठी असतो.

आता कायद्याकडे वळू. मोटारहोम हे घर आहे की वाहन? राहणाऱ्याच्या मनात ते घर असते, कायद्याच्या लेखी ते निखळ वाहन आहे. भारतात मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र तांत्रिक मानक आहे. जुनी व्हॅन घेऊन गावातल्या गॅरेजमध्ये पलंग व शेगडी बसवून घेणे स्वस्त पडते खरे, परंतु मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. असा बदल नोंद नसताना अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येतो. वयाची साठी ओलांडलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. म्हणजे दर पाच वर्षांनी डॉक्टरांच्या सहीवर घर चालते की थांबते ते ठरणार.

पैशांची बाजू त्याहून बोलकी आहे. मोटारहोमला गृहकर्ज मिळत नाही, वाहनकर्ज मिळते, आणि त्याचा व्याजदर व मुदत दोन्ही वेगळे. राहते घर विकून आलेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर प्राप्तिकरात जी सवलत मिळते, ती दुसरे निवासी घर घेतल्यास. त्या पैशांत चाकांचे घर घेतले तर नाही. विमा कंपन्या वाहनाचे विमामूल्य ठरवताना घसाऱ्याचा जो तक्ता वापरतात त्यानुसार पहिल्या वर्षाच्या आतच १५ टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के किंमत वजा होते. जमिनीवरचे घर पाच वर्षांत थोडेफार तरी वाढते. चाकांवरचे घर त्याच काळात कागदोपत्री अर्धे होते. हे गणित मांडल्यावर काही बेत जागच्या जागी विरघळतात, ते बरेच आहे.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न पैशांचाही नाही. तो पत्त्याचा आहे.

मोटार वाहन अधिनियमाचे कलम ४० सांगते की वाहनाची नोंदणी मालकाच्या निवासाच्या किंवा व्यवसायाच्या अशा ठिकाणी करावी, जेथे ते वाहन सामान्यतः ठेवले जाते. कलम ४७ सांगते की दुसऱ्या राज्यात ते बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा. जे वाहन सामान्यतः कोठेच ठेवले जात नाही, त्याची कल्पना कायद्याने केलेलीच नाही. मतदार यादीचेही तसेच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार नाव त्याच मतदारसंघात नोंदले जाते जेथे व्यक्ती सामान्यतः राहते. नुसते घर मालकीचे असणे त्यास पुरेसे नाही. याउलट तात्पुरत्या गैरहजेरीने तो हक्क जातही नाही. घर राखून हिंडणारा मतदार राहतो, घर विकून हिंडणाऱ्याला आपण कोठले हे सिद्ध करावे लागते.

बँकेच्या खिडकीवर हाच प्रश्न केवायसीच्या रूपाने उभा राहतो. येथे नियम लोक समजतात तितके कठोर नाहीत. कायमचा किंवा सध्याचा, यांपैकी एकाच पत्त्याचा पुरावा पुरे, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१४ मध्येच स्पष्ट केले. आधारवरील पत्ता वेगळा असल्यास सध्याचा पत्ता ग्राहकाने स्वतः घोषित केला तरी चालतो. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखलाही २०१४ पासून डिजिटल पद्धतीने कोठूनही देता येतो. गंगटोकच्या वाहनतळावर बसून तो श्रीरामपूरच्या शाखेपर्यंत पोचतो. मात्र या सर्व सोयींना एक गृहीत धरलेले आहे. कोठे तरी एक पत्ता खरा असला पाहिजे, आणि तेथे आलेले टपाल घेणारे कोणी तरी असले पाहिजे.

अमेरिकेत या प्रश्नाला जी उत्तरे मिळाली ती मासलेवाईक आहेत. तेथे मोटारहोममध्ये कायम राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. साउथ डकोटा या राज्याने अशा लोकांना वाहन परवाना देताना अट ठेवली ती इतकीच की राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवावी आणि टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता द्यावा. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन या छोट्या गावी १९७८ साली सुरू झालेल्या एस्केपीज या मोटारहोमधारकांच्या संघटनेचे मुख्यालय आहे. हजारो चालत्या घरांचे टपाल त्या एका गावी उतरते आणि जेथे गाडी असेल तेथे पुढे पाठवले जाते. ज्यांना वयामुळे गाडी चालवणे जमत नाही अशा सभासदांसाठी त्याच गावी, त्यांनी आपल्याच गाडीत राहावे पण शेजारी जेवण व शुश्रूषा मिळावी, अशी व्यवस्थाही या मंडळींनी उभी केली. म्हणजे रस्त्यावर राहण्याची हौस असणाऱ्यांनीच शेवटी एक गाव वसवले.

सर्वच मात्र हौसेने निघालेले नसतात. नेवाडा राज्यात एम्पायर नावाचे गाव जिप्समच्या कारखान्यावर उभे होते. बांधकाम व्यवसायाच्या मंदीत २०११ च्या जानेवारीअखेर कारखाना बंद झाला, कामगारांची कंपनीच्या मालकीची घरे रिकामी झाली आणि काही महिन्यांतच टपाल खात्याने त्या गावाचा पिनकोडच रद्द केला. पत्ता पुसला जाणे म्हणजे काय, हे याहून स्पष्ट दिसणे कठीण. जेसिका ब्रूडर या पत्रकार महिलेने २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले ते मंदीत घर गमावून व्हॅनमध्ये राहू लागलेल्या साठी-सत्तरीच्या माणसांवर. त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्करही मिळाले. ही वयस्क माणसे हंगामी कामांमागे फिरतात. कधी गोदामात, कधी पर्यटकांच्या तळावर आणि ऑक्टोबरमध्ये साखरेच्या बीटावर.

हा शेवटचा तपशील श्रीरामपूरच्या वाचकाला थबकवणारा आहे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात बीटापासून साखर होते. तेथील अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ पासून शेतकऱ्यांच्या मालकीची, म्हणजे आपल्या भाषेत सहकारी साखर कारखाना! १ ऑक्टोबरच्या सुमारास बीटाची मुख्य काढणी सुरू होते. त्या दोनेक आठवड्यांसाठी देशभरातून मोटारहोम तेथे जमतात. कंपनी वीज-पाण्याच्या जोडणीसह तळाची जागा देते. बारा तासांची पाळी, तासाच्या हिशेबाने वेतन, जादा कामाचा जादा दर. पाळी संपली की माणूस आपल्या चालत्या घरात जाऊन झोपतो आणि हंगाम संपला की पुढच्या रस्त्याला लागतो.

साखर आणि चाकांवरचा संसार यांचा संबंध आपल्याकडे त्याहून जुना आहे. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग उसाचा झाला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना होता, टिळकनगरला डहाणूकरांचा उद्योग १९३३ पासून उभा राहिला, आणि शेजारच्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे अशोकनगरचा कारखाना आला. एवढा ऊस तोडायला स्थानिक हात पुरेनात आणि कोरडवाहू डोंगरपट्ट्यातील गावांना खरिपानंतर काम नव्हते. ही गाठ त्या काळी पडली ती आजतागायत सुटलेली नाही.

ऊसतोडीचा व्यवहार बँकेच्या भाषेत सांगायचा तर तो आगाऊ कर्जाचा व्यवहार आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच कोयत्याला उचल देतो आणि हंगामभर टनाच्या दराने ती फेडायची. येथे तारण कोणतेही नाही, माणसाचे श्रम हेच तारण. कारखान्यात मोळी पडली की पहाटे अंधारात तोडणी सुरू होते. गाडीसेंटरवाल्या कुटुंबाने स्वतः तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि बैल जुंपून कारखान्यावर न्यायची. गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लांबली तर रात्र तेथेच, गाडीखाली. ट्रकच्या तोडीला असणाऱ्यांना मध्यरात्री ट्रक आला तर मध्यरात्री उठून भरावा लागतो. पाळी संपण्याची वेळ त्यांच्या कामाला नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, हे बरे झाले. पण दर टनाचा आहे, तासाचा नव्हे.

राहण्याचे काय? प्रवासात गाडी आणि तळावर कोपी. बांबूच्या कमानी, त्यावर पाचट किंवा चटया आणि वरून ताडपत्री; दार म्हणजे एक फट, माणसाने वाकूनच आत जावे. आत पेटी, भांडी, धान्य आणि चार माणसांच्या झोपेपुरती जागा. बाहेर तीन दगडांची चूल, बैलांच्या दावणी, त्यांच्यापुढे उसाचे वाढे. संसार मोजका, वापर काटकसरीचा, बांधाबांध तासाभराची. ज्या गुणांसाठी मोटारहोमची जाहिरात केली जाते ते सर्व गुण कोपीत आहेत. नसते ते पाणी, शौचालय, वीज आणि नकार देण्याची मोकळीक. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरांनी १८८५ मध्ये दोन घोड्यांची शाही गाडी बनवून इंग्लंडभर प्रवास केला, तेव्हा हौशी कॅराव्हॅनचा जन्म झाला असे मानतात. ती गाडी रोमानी भटक्यांच्या घरगाडीवरूनच सुचलेली होती. त्याच सुमारास आपल्या देशात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा लागू होता आणि गाडी-गाढवांवर संसार लादून फिरणाऱ्या कित्येक जमाती केवळ कायमचा ठावठिकाणा नाही म्हणून संशयित ठरत होत्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांची कायद्याने सुटका झाली, नजरेतला संशय मात्र अद्याप पुरता गेलेला नाही.

ऊसतोड कुटुंबाला गावी घर असते, पत्ता असतो. अडचण अशी की वर्षातून सहा महिने पत्ता एकीकडे आणि माणसे दुसरीकडे असतात. सोयी सगळ्या पत्त्यावर येऊन थांबतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरले होते, तेव्हा मजुरांच्या मतांचे काय, या मुद्द्यावरून हंगाम पुढे ढकलण्याची चर्चा झाली. मत गावाच्या यादीत आणि मतदार उसाच्या फडात. रेशनचा प्रश्न थोडा सुटला आहे. शिधापत्रिकेच्या पोर्टेबिलिटीमुळे पाथर्डीच्या कार्डावर श्रीरामपूरच्या दुकानात धान्य घेता येते. पण दुकानाच्या वेळेत फडावरून कोण येणार? शाळेचा प्रश्न त्याहून कठीण आहे. दिवाळीनंतर वर्गातून नाव तसेच राहते आणि मूल निघून जाते. साखरशाळांचे प्रयोग झाले. मुलांनी आजी-आजोबांकडे गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी मुलांचे एक व मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. हे सारे प्रयत्न एकाच दिशेचे आहेत. मुलाचा पत्ता हलू नये, हलले तर आई-बापांनीच हलावे.

यातला विरोधाभास लपत नाही. अमेरिकेतील हौशी प्रवासी पावती दाखवून पत्ता मिळवतो आणि मग वर्षभर बेफिकीर फिरतो. फडातल्या माणसाजवळ खरा पत्ता आहे, पण तो त्याच्याबरोबर येत नाही. घर हलते म्हणून कोणी मोकळा होत नाही की कोणी बांधला जात नाही. मागे ठेवलेले काय आहे आणि हवे तेव्हा परतता येते की नाही, यावर ते ठरते. ज्याने उचल घेतली आहे त्याला हंगाम संपल्याखेरीज गाडी वळवता येत नाही.

तेव्हा मोटारहोमचा बेत करणाऱ्या श्रीरामपूरकर जोडप्याने घर विकण्याची घाई करू नये, हेच व्यवहाराला धरून आहे. मोठे घर भाड्याने द्यावे, हवे तर विकून एखादी लहान सदनिका घ्यावी. त्यातली एक खोली कुलूपबंद आपली ठेवावी. मतदार यादी, आधार, बँक, विमा आणि वाहनाची नोंदणी या पाचही ठिकाणी तोच एक पत्ता असावा. टपाल उघडण्याचा अधिकार विश्वासू नातेवाईकास द्यावा आणि खात्यांवरील नामनिर्देशन निघण्यापूर्वी तपासून घ्यावे. पहिले वर्षभर गाडी विकत न घेता भाड्याने घ्यावी. एप्रिल-मेचा उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात काढून पाहावा. सहा महिन्यांत गुडघे, पाठ आणि परस्परांचा स्वभाव यांची पुरेशी परीक्षा होते. वातानुकूलन बंद असताना कोणाचा आवाज किती चढतो, तेही कळते.

चैत्रात पट्टा पडला की उसाच्या गाड्या परत निघतात. तोवर पेटीत थोडी भर पडलेली असते, कधी नसते. उचल फिटली नसेल तर उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या खात्यावर ओढली जाते. अहिल्यानगर ओलांडून गाड्या घाटाला लागतात आणि श्रीरामपूरच्या तळांवर मोकळ्या कमानी, राखेचे ढीग आणि वाळलेले वाढे तेवढे राहते. गावी पोचल्यावर बायका प्रथम दाराचे कुलूप उघडतात, सहा महिन्यांची धूळ झाडतात आणि शाळेत जाऊन मुलाचे नाव पटावर आहे ना, हे विचारून येतात.